उजव्या सीटचा अधिकार

डॉ. कौस्तुभ नाडगौडा यांनी पडद्यावर आलेख लावला तेव्हा कॅप्टन इंदुमती खासनीस चहात बिस्कीट बुडवत होत्या. बिस्कीट तुटून कपात पडलं, आणि त्या क्षणी बाईंना आलेखापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"गेल्या तीन महिन्यांत," नाडगौडा म्हणाले, "आपल्या नऊ प्रशिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या हातून विमानाचा ताबा किती वेळा काढून घेतला, ते इथे दिसतं. सर्वांत उंच खांब कॅप्टन खासनीस मॅडमचा. चौसष्ट वेळा. त्यातल्या एक्कावन्न वेळा गरज नव्हती. विद्यार्थी आपणहून सावरला असता."

"हे विमानाला विचारलंत का?" बाईंनी विचारलं.

कुणीतरी हसलं. नभांगण वैमानिक विद्यालयाचे संचालक लोखंडे हसले नाहीत. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक माणसासमोर ते असेच गंभीर बसत. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला, पाथरदे नावाच्या गावाबाहेरच्या माळावर त्यांनी हे विद्यालय काढलं, त्याला बारा वर्षं झाली होती. त्यांना स्वतःला विमान चालवता येत नव्हतं. सभा चालवता येत होती.

"या एक्कावन्नपैकी एकोणतीस वेळा एकाच मुलीच्या हातून," नाडगौडा पुढे म्हणाले. "रोशनी पावरा."

"ती मुलगी विचार करत बसते," बाई म्हणाल्या. "विमान विचार करायला थांबत नाही." आणि चमच्यानं बिस्किटाचा लगदा काढू लागल्या. विषय त्यांच्यापुरता संपला होता.

खासनीसबाई चोपन्न वर्षांच्या होत्या. आयुष्यातले चौदा हजारांहून जास्त तास त्यांनी उजव्या सीटवर काढले होते. शिकाऊ विमानात डावीकडे शिकणारा बसतो, उजवीकडे शिकवणारा, आणि दोघांसमोर एकेक दांडी असते. शिकवणारा "आय हॅव कंट्रोल" म्हणाला की शिकणाऱ्यानं हात काढायचे. का, कशाला, हे खाली उतरल्यावर. या तीन शब्दांवर बाईंनी पाच वेळा स्वतःचा जीव वाचवला होता आणि पाच बिनडोकांचा. हा हिशेब त्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी ऐकवत, "बिनडोक" या शब्दासकट.

नाडगौडांचं यंत्र या तीन शब्दांच्या जागी येणार होतं. त्याचं नाव निर्णायक.

त्यामागचं शास्त्र सोपं होतं, निदान नाडगौडा सांगत तेव्हा सोपं वाटे. माणूस हात हलवतो त्याच्या अर्धा-एक सेकंद आधीच मेंदूत त्याची तयारी सुरू होते. हेडसेटच्या पट्टीत बसवलेले सोळा बारीक संवेदक ही तयारी कवटीवरून टिपतात. निर्णय पक्का झाला असेल तर लहर सरळ चढत जाते. दोन पर्याय एकमेकांशी झगडत असतील तर कपाळामागे वेगळीच, संथ लहर उठते. या दोन लहरी, नजरेची हालचाल आणि नाडीचे ठोके मिळून निर्णायक दर क्षणाला दोघांचाही एकेक आकडा काढतो, शून्य ते शंभर. ज्याचा आकडा मोठा, त्याची दांडी चालू. दुसऱ्याची दांडी हलते, पण तिचा विमानाशी संबंध उरत नाही. नवी विमानं विजेवर चालत, दांडीपासून पंखापर्यंत तारेतून फक्त संदेश जाई. त्यामुळे एखाद्याला असं विमानापासून तोडणं म्हणजे दिवा मालवण्याइतकंच सोपं झालं होतं.

"पण तोडायचंच कशाला?" एका तरुण प्रशिक्षकानं विचारलं.

नाडगौडांनी दोन वर्षांपूर्वीचा एक अपघात सांगितला. शिकणाऱ्यानं दांडी एकीकडे ओढली, शिकवणाऱ्यानं दुसरीकडे. यंत्रणेनं दोघांची सरासरी काढली. दोघांपैकी कुणाचंही ऐकलं असतं तर विमान वाचलं असतं, सरासरीनं ते डोंगरावर गेलं. "अधिकार एका वेळी एकाकडेच हवा," ते म्हणाले, "आणि तो वयावरून नको, पदावरून नको, त्या क्षणी कुणाचं मन स्वच्छ आहे यावरून हवा. आम्ही जमिनीवरच्या सिम्युलेटर खोलीत अकरा हजार तासांची नोंद घेतली आहे. डळमळणारे आपटतात, ठाम असणारे उतरतात."

"त्या खोलीत बसवण्याआधी मुलांना सांगता का," बाईंनी विचारलं, "की आज मोटर बंद पडणार आहे?"

"अर्थात. धडा वेळापत्रकात लिहिलेला असतो."

"वा," बाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. उत्तरपत्रिका आधी वाटून परीक्षा घेणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात त्यांना रस नव्हता.

निर्णायक बसला. डॅशबोर्डच्या मध्यावर हिरवा दिवा आला. डावीकडे लागला की ताबा शिकणाऱ्याचा, उजवीकडे लागला की शिकवणाऱ्याचा. यंत्र बंद करायला दोन लाल बटणं होती, पण दोघांनी एकाच वेळी दाबली तरच चालणारी. आणखी एक नियम लोखंडेंनी काढला. ज्याचा सरासरी आकडा सत्तरच्या वर, त्यालाच एकट्यानं उड्डाण करायला मिळेल. प्रशिक्षकाची सही नंतर घेतली जाईल, शिक्का मारतात तशी.

महिन्याभरात विद्यार्थी खिडकीबाहेर बघायचे सोडून दिव्याकडे बघू लागले. उतरल्यावर एकमेकांना विचारत, "तुझा किती आला?" वारा कसा होता, हे कुणी विचारत नसे. बाई कॅन्टीनमधून जाताना हे ऐकत आणि मान वळवून निघून जात, रस्त्यात काही सांडलेलं दिसावं तशी.

सर्वांत वरचा आकडा तेजराज वाबळेचा. ब्याण्णव. हा एका बड्या बांधकाम कंत्राटदाराचा मुलगा. उंच, हसतमुख, सगळ्यांना "सर-मॅडम" म्हणणारा. आयुष्यात त्याला कधी कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे शंका म्हणजे काय याचा त्याला अनुभवच नव्हता. "डोकं म्हणजे कसं अगदी मोकळं," बाई त्याच्याबद्दल सहकाऱ्याला म्हणाल्या. "वारं सुद्धा अडत नाही."

सर्वांत खालचा आकडा रोशनीचा. एकेचाळीस.

रोशनी धडगावकडची. बारावीला विज्ञानात जिल्ह्यात पहिली आली, सरकारी शिष्यवृत्तीवर इथे दाखल झाली. डिसेंबरअखेर एकटीचं उड्डाण झालं नाही तर शिष्यवृत्ती थांबणार होती, आणि नोव्हेंबर अर्धा सरला होता.

त्या आठवड्यात एका दुपारी खासनीसबाई तिला घेऊन वर गेल्या. सातपुड्याकडून आडवा वारा सुटला होता. उतरताना विमान धावपट्टीच्या रेषेवरून डावीकडे सरकू लागलं. रोशनीनं वाऱ्याच्या दिशेला पंख किंचित झुकवला आणि थांबली. ती काय करतेय ते बाईंना दिसत होतं. वारा एकसारखा आहे की झुळकांनी येतोय, ते ती पारखत होती. एकसारखा असेल तर एवढा कल पुरे, झुळका असतील तर जास्त हवा. विचारायलाच हवा असा प्रश्न होता.

दिवा उजवीकडे लागला. रोशनीची दांडी मेली. विमान बाईंच्या हातात आलं, न मागता. त्यांनी ते उतरवलं.

"मी घेतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. असं स्पष्टीकरण त्यांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं. "यंत्रानं दिलं. तुझं बरोबर चाललं होतं."

"हो मॅडम." रोशनीनं हेडसेट काढून मांडीवर ठेवला. "सवय आहे."

त्या संध्याकाळी खोलीत बसून त्यांनी नाडगौडांचा तो आलेख मागवला आणि एकोणतीसच्या एकोणतीस नोंदी एकेक करून वाचल्या. उंची, वेग, वारा, ताबा घेतल्याची वेळ. वाचता वाचता प्रत्येक उड्डाण आठवत गेलं. पहिल्या दहांत त्यांना स्वतःची बाजू मांडता आली. पुढच्या नोंदींत येईना. पोरगी विचार करत होती आणि आपल्याला तेवढा वेळही धीर धरवला नाही, एवढंच प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं होतं. ज्या यंत्राला आपण महिनाभर मूर्ख म्हणतोय, ते आपण तीन महिने फुकट करत असलेलं काम करतंय. नाडगौडांबद्दल जी घृणा त्यांना वाटत होती तिला त्या संध्याकाळी प्रथमच घरचा पत्ता सापडला, आणि बाईंना तो मुळीच आवडला नाही.

सोमवारी सकाळी तेजराजचं उड्डाण होतं. आकाश निरभ्र होतं. विमान धावपट्टी सोडून साडेचारशे फुटांवर गेलं आणि मोटर बंद पडली. बॅटरी तापली होती आणि संरक्षक यंत्रणेनं वीज तोडली होती. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. इतकी शांतता झाली की खालच्या कालव्यावरचा डिझेल पंप ऐकू आला.

अशा वेळी मागे वळायचं नसतं. धावपट्टी मागेच असते, जवळ वाटते, आणि वळण पुरं करण्याइतकी उंची हाताशी नसते. विमान वळता वळता खाली पडतं. ही गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. तेजराजला ती पाठ होती. तरी त्यानं विमान डावीकडे वळवलं, धावपट्टीच्या दिशेला.

"आय हॅव कंट्रोल," बाई म्हणाल्या.

दांडी त्यांच्या हातात ढिली हलली. दिवा डावीकडे होता. समोर दोन जागा होत्या, मका काढलेलं एक शेत आणि कालव्याकडेचा रुंद रस्ता. बाई त्या दोन्ही तोलून पाहत होत्या आणि त्यांच्या कपाळामागची संथ लहर निर्णायकाला दिसत होती. तेजराज काहीच तोलत नव्हता.

"लाल बटण दाब! माझ्याबरोबर, आत्ता!"

"मॅडम, माझ्याकडे आहे," तो म्हणाला. आवाज शांत. त्यानं बोटानं दिवाही दाखवला. "पोहोचतोय आपण."

"गाढवा, सोड ती दांडी!"

तो किंचित हसला. मॅडम चिडतात, हे त्याला ठाऊक होतं. अख्ख्या विद्यालयाला ठाऊक होतं. त्यांच्या शिव्यांवर पोरं कॅन्टीनमध्ये नकला करत. विमान आणखी कललं. डावा पंख शेतातल्या विहिरीकडे रोखला गेला.

तीनशे फूट. बाईंच्या लक्षात आलं की हातात काही नाही, पायात काही नाही, फक्त तोंड आहे. आणि तेही चौदा हजार तास ओरडण्यात वापरून बोथट झालेलं.

त्यांनी आवाज खाली आणला. वर्गात नव्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "तेजराज, वेग किती आहे?"

त्याची नजर नकळत काट्याकडे गेली. "अठ्ठावन्न."

"एवढ्या कललेल्या वळणात हे विमान कितीला कोसळतं?"

हा आकडा त्यानं एकदा वाचला होता. पन्नास? पंचावन्न? सरळ उड्डाणात वेगळा असतो, वळणात वाढतो, किती वाढतो... त्याचे ओठ हलले. तेवढ्यात बाईंनी रस्ता मनातून पुसून टाकला. तो वाईट होता म्हणून नव्हे, तर दोन राखले की दोन्ही जातात म्हणून. शेत. फक्त शेत.

दिवा उजवीकडे आला.

बाईंनी नाक खाली दाबलं, पंख सरळ केले. वेग येईपर्यंतचे दोन सेकंद त्यांना आयुष्यात कधी एवढे लांब वाटले नव्हते. मग दांडीत जोर आला. समोर मक्याची खोडं, एक बांध, पलीकडे पळत सुटलेल्या दोन बाया. चाकं खोडांवर टेकली, पुढचं चाक बांधाला लागून तुटलं, विमान नाकावर घासत गेलं आणि थांबलं.

तेजराजचं मनगट मोडलं. बाईंच्या हनुवटीला सहा टाके पडले.

चौकशी चौथ्या दिवशी लोखंडेंच्या दालनात झाली. नाडगौडांचा चेहरा नुकताच सत्कार झाल्यासारखा होता.

"नोंद पाहा," ते म्हणाले. "विद्यार्थ्याचा आकडा ब्याण्णववरून चव्वेचाळीसवर आला, कॅप्टनचा एकोणसाठवरून शहाऐंशीवर गेला, आणि एका सेकंदाच्या आत ताबा बदलला. खऱ्या संकटात निर्णायकानं प्रथमच दोन जीव वाचवले. हे जगभर सांगण्यासारखं आहे."

"त्याचा आकडा का पडला?" बाईंनी विचारलं. टाक्यांमुळे त्यांना तोंड पुरतं उघडता येत नव्हतं.

"परिस्थितीची जाणीव झाली असावी."

"मी प्रश्न विचारला म्हणून पडला."

"नोंदीत आवाज नसतो, मॅडम."

"नसणारच. तुमच्या यंत्राला ठाम माणूस आणि तयार माणूस यातला फरक कळत नाही, डॉक्टर. तुमच्या खोलीत मुलांना आधीच ठाऊक असतं काय होणार ते. तिथे ठाम असतो तो अभ्यास केलेला. वर ज्याला काहीच दिसत नाही तोही ठामच असतो. ज्याला दोन वाटा दिसतात तो क्षणभर थांबतो. तुम्ही त्या थांबण्याला रोग समजलात."

"पण शेवटी तुम्हीही ठाम झाल्यावरच ताबा मिळाला ना?" नाडगौडा म्हणाले. प्रश्न चुकीचा नव्हता, आणि बाईंना त्याचाच राग आला.

"झाले. एक जागा डोळ्यांआड करून झाले. त्या शेतात तार आडवी असती तर तुमच्या यंत्रानं मला शहाऐंशी गुण देऊन मारलं असतं."

लोखंडेंनी घसा खाकरून तेजराजकडे पाहिलं. तो प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. "तुला काय वाटतं बाळा?"

"सर, मॅडमनी प्रश्न विचारला नसता तर मी पोहोचलो असतो," तेजराज म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. मनापासून बोलत होता.

नाडगौडांना इथे मात्र विज्ञान आठवलं. त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "नाही. धावपट्टीच्या तीनशे ऐंशी मीटर अलीकडे, विहिरीपाशी आपटला असतास."

तेजराजनं पडदा नीट पाहिला. मग नम्रपणे म्हणाला, "तरीही, सर, मला वाटतं."

बाईंना हसू आलं आणि टाके ताणले गेले. एवढ्या निर्मळ मूर्खपणावर रागावता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

लोखंडेंनी अहवाल पुढे सरकवला. निर्णायकाच्या यशस्वी हस्तक्षेपामुळे अपघात टळला, असं त्यात लिहिलं होतं. खाली बाईंच्या सहीची जागा मोकळी होती.

"सही करत नाही," बाई म्हणाल्या. "आणि या विमानांत शिकवत नाही."

"मग कशात शिकवणार?" लोखंडेंनी विचारलं. "वर्षअखेरपर्यंत तुमचा करार आहे. बसून राहणार?"

"मागच्या शेडमधलं जुनं पेट्रोलवालं चालतं अजून. पोलादी तारांनी दांडी थेट पंखाला जोडलेलं."

"त्यात कोण बसेल? आकडा नाही, काही नाही."

"एक जण बसेल."

लोखंडेंनी खांदे उडवले. वर्षअखेर बाई जाणार हे त्यांच्या मनात तेव्हाच पक्कं झालं, आणि जुन्या विमानाला सत्तर आकड्याचा नियम लावायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ते विमान कुणी मोजतच नव्हतं.

रोशनी नऊ दिवस त्या विमानात उडाली. पहिल्या तीन दिवसांत बाईंनी दोनदा दांडी हिसकावली. दुसऱ्यांदा उतरल्यावर म्हणाल्या, "पहिली वेळ माझी चूक. दुसरी तुझी." रोशनीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "दुसरी कशी, मॅडम? उंची पुरेशी होती." दोघी धावपट्टीच्या कडेला उभ्या राहून वीस मिनिटं भांडल्या. शेवटी बाईंनी वही काढून आकडे मांडले. उंची पुरेशी होती.

"बरं," बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून काढायला टाके काढण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

दहाव्या दिवशी वारा पुन्हा आडवा होता. रोशनी उतरायला आली, विमान रेषेवर होतं, थोडं डगमगत होतं. बाईंच्या मते उतरता आलं असतं. चाकं जमिनीपासून वीस फुटांवर असताना रोशनीनं पूर्ण जोर दिला आणि पुन्हा वर नेलं. बाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. बोटांना मुंग्या आल्या. दुसऱ्या फेरीत ती उतरली.

"आधी उतरता आलं असतं ना?" इंजिन चालू असतानाच रोशनीनं विचारलं.

"आलं असतं."

"मग बोलला नाहीत?"

"तू मला विचारलं होतंस का? तुला खात्री नव्हती, तू परत वर गेलीस. खात्री नसताना आणखी काय करायचं असतं?" बाईंनी पट्टा सोडला, दार उघडलं. पंख्याचा वारा आत घुसला. "वही दे."

मांडीवर वही ठेवून त्यांनी एकटीच्या उड्डाणाच्या रकान्यात सही केली आणि खाली उतरल्या. रोशनीचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम, मला नाही वाटत की मी..."

"मलाही नाही वाटत," बाई म्हणाल्या. "एक चक्कर मारून ये."

दार लावून त्या गवतावर येऊन उभ्या राहिल्या. विमान पळालं, उठलं, लहान होत गेलं. उजवी सीट रिकामी असल्यानं ते नेहमीपेक्षा लवकर वर चढलं. बाईंच्या मनात एकामागून एक गोष्टी येऊ लागल्या. वारा वाढला तर, तिनं वळण अरुंद घेतलं तर, आणखी दोन दिवस थांबायला हवं होतं का. या क्षणी कुणी त्यांच्या कपाळाला संवेदक लावले असते तर आकडा दहाच्या वर गेला नसता. तरी त्यांनी सही केली होती आणि ती बदलावीशी वाटत नव्हती.

विमान शेवटच्या वळणावर आलं. खाली, आणखी खाली. चाकं टेकली, विमान हातभर उडालं, पुन्हा टेकलं, आणि सरळ पळत राहिलं.

"म्हशीसारखं बसवलंन," खासनीसबाई मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला तिथे कुणी नव्हतं. मग हनुवटीवरची जखम पुसावी तसे त्यांनी डोळे पुसले आणि काय काय चुकलं ते सांगायला धावपट्टीकडे चालू लागल्या.